वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : टेबलावरची मेक्सिकन क्रांती

वॉरगेमिंगच्या, म्हणजे टेबलावर मांडून खेळायच्या लढायांच्या, मिनिएचर सैनिकांवर प्रश्न मागवले, तेव्हा पत्रांचा मोठा गठ्ठा एकाच काळाबद्दल निघाला : मेक्सिकन क्रांती, १९१० ते १९२०. म्हणून हा सगळा भाग तिलाच दिला आहे. प्रश्न विचारणारे बहुतेक नागपूरचे. त्यामुळे रंग, पुट्टी आणि बाकीचं सामान इथे मिळणारं आणि इथल्या हवेला चालणारं धरूनच उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (धरमपेठ) : २८ मिमीमध्ये (म्हणजे साधारण तेवढ्या उंचीच्या सैनिकांत) दोन्ही बाजू उभ्या करायच्या आहेत. टेबल ४ फूट बाय ३ फुटांचं आहे. किती सैनिक घेऊ आणि कुठल्या गटापासून सुरू करू?

आकडा ठरवण्याआधी लढाई ठरवा. या दहा वर्षांत बाजू इतक्यांदा फिरल्या की सरसकट ‘मेक्सिकन क्रांतीचं सैन्य’ घेऊन भागत नाही. मे १९११ मध्ये स्युदाद ह्वारेस घेताना पास्कुआल ओरोस्को आणि पांचो व्हिला हे दोघंही बंडखोर सरदार हुकूमशहा दियाझविरुद्ध उठलेल्या मादेरोकडून लढत होते. १९१२ मध्ये, मादेरो अध्यक्ष असताना, ओरोस्को त्याच्यावरच उलटला आणि व्हिला सरकारी फौजेबरोबर, जनरल हुएर्ताच्या हाताखाली, ओरोस्कोवर चालून गेला. पुढे मादेरोला पाडून हुएर्ताने सत्ता बळकावली. १९१४ मध्ये व्हिला आणि ओब्रेगॉन, कारांझा हे दुसरे क्रांतिकारी नेते हुएर्ताच्या विरोधात एका बाजूला होते, तर १९१५ मध्ये सेलायाच्या लढाईत व्हिला आणि ओब्रेगॉन समोरासमोर.

यातून पैसे वाचवायची वाट निघते. पहिली खरेदी बिनगणवेशी बंडखोरांची करा : २४ पायदळ आणि ८ घोडेस्वार. हेच सैनिक मादेरोचे होतात, ओरोस्कोचे होतात, व्हिलाचेही होतात. झेंडा आणि सरदार बदलला की काम झालं. त्यानंतर २० सरकारी सैनिक, एक मशीनगन आणि ती चालवणारे तिघं घ्या. सुरुवातीला एवढं भरपूर आहे.

टेबल लहान असल्याची काळजी करू नका, फक्त मोकळं मैदान ठेवू नका. २८ मिमीच्या बऱ्याच नियमावल्यांमध्ये रायफलचा पल्ला २४ इंचांच्या आसपास असतो. म्हणजे तुमच्या ३ फुटांपैकी २ फूट पहिल्याच फेरीपासून माऱ्यात. या मापाला ह्वारेसची गल्लीबोळांतली लढाई चपखल बसते. तिथे बंडखोर रस्त्यावर येणं टाळत होते. घरांच्या कच्च्या विटांच्या भिंती फोडत ते एका घरातून शेजारच्या घरात शिरत पुढे सरकले. सहा ते आठ घरं करा, प्रत्येकाचं छप्पर उचलता येईल असं ठेवा आणि सामाईक भिंतीत भगदाडाचा एक काढता तुकडा बसवा. सेलायाची लढाई मात्र २८ मिमीत या टेबलावर मांडूच नये. घोडदळाचे लांबच लांब हल्ले आणि मैलभर पसरलेले पाटकालवे दाखवायला ६ किंवा १० मिमीचं माप घ्यावं.

बेससाठी, म्हणजे सैनिकाखालच्या चकतीसाठी, इतवारीतल्या लोहा ओळीत एम-१२ चे लोखंडी वायसर मागा. बाहेरचा व्यास २४ मिमी, भोक १३ मिमी. खालून कागदी टेप लावायची, भोकात एम-सील दाबायचं आणि सैनिक त्यातच रोवायचा. वजन खाली राहिल्याने तो कलंडत नाही, आणि डब्याच्या तळाला चुंबकी शीट लावली की न्या-आणीत हलत नाही. घोडेस्वाराला वायसर पुरत नाही, त्याला ३ मिमी एमडीएफचा २५ × ५० मिमीचा तुकडा कापून घ्या.

प्रश्न (महाल) : सरकारी सैनिक मी सगळे खाकी रंगवले. काही चित्रांत ते गडद निळे दिसतात. बरोबर काय? आणि हेच सैनिक सेलायाला वापरता येतील ना?

दोन्ही बरोबर आहे, पण वर्ष वेगळं. दियाझच्या शेवटच्या काळात आणि १९११ च्या लढायांत लोकरी गडद निळा गणवेश, लाल गोट आणि ताठ टोपी ही सरकारी पायदळाची ओळख. पुढे खाकी वाढत गेली. हुएर्ताच्या काळात, १९१३-१४ मध्ये, निळे आणि खाकी एकाच मोहिमेत दिसले तर ती चूक धरू नका.

सेलायाला मात्र ते चालणार नाहीत. ऑगस्ट १९१४ मध्ये तेओलोयुकानच्या करारांनी जुनी सरकारी फौज बरखास्त झाली. एप्रिल १९१५ मधली सेलायाची लढाई क्रांतिकारकांच्याच दोन गटांमधली आहे. रुराल्स, म्हणजे राखाडी पोशाख, चांदीच्या पट्ट्या, लाल टाय आणि मोठी राखाडी फेल्ट हॅट घालणारे घोडेस्वार पोलीस, त्यांचंही तेच : १९१४ नंतरच्या टेबलावर त्यांना जागा नाही. ओब्रेगॉनच्या बाजूला खाकी कोट, साधे शर्ट, फेल्ट हॅट असं मिश्रण ठेवा आणि काही याकी आदिवासी लढवय्ये घ्या. सोनोरातले याकी त्याच्या सैन्याचा कणा होते.

निळ्यासाठी प्रशियन ब्लू ३ भाग, काळा २ भाग, बर्न्ट अंबर १ भाग. प्रशियन ब्लू पारदर्शक असतो. पहिला हात डागाळलेला दिसला म्हणून लगेच जाड दुसरा हात देऊ नका, वाळू द्या आणि तितकाच पातळ पुन्हा द्या. उजेडाच्या कडांसाठी या मिश्रणात राखाडी घाला. पांढरा घातलात की लोकरीचा शाळेचा गणवेश होतो. खाकीसाठी यलो ऑकर ४, पांढरा २, रॉ अंबर १. त्याचे तीन वाटे करून दोन वाट्यांत थोडा-थोडा पांढरा वाढवा आणि तुकडीत तिन्ही छटा विखरून द्या. उन्हात विटलेलं कापड प्रत्येकाच्या अंगावर वेगळं दिसतं.

प्रश्न (प्रतापनगर) : मोरेलोस प्रांतातला शेतकरी नेता झापाता, त्याचे पांढऱ्या कपड्यांतले शेतकरी रंगवतोय. पांढरा रंग खडूसारखा उठतो, घड्या भरून जातात आणि वॉश (सावलीसाठी पाण्यासारखा पातळ रंग) दिला की कडेला पिवळट रेघा राहतात. कसं करावं?

या काळातला सगळ्यात अवघड आणि जमला तर सगळ्यात देखणा भाग हाच आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

मोरेलोसच्या ऊसपट्ट्यातल्या या माणसांचे सदरे आणि सैल चोळणे जाड सुती कापडाचे असत. आपल्याकडचा मांजरपाट डोळ्यासमोर आणा. नवा कोरा मांजरपाटसुद्धा शुभ्र नसतो, आणि यांचे कपडे तर शेतातले, वर्षभर अंगावर असलेले. तेव्हा बाटलीतला टायटॅनियम व्हाइट थेट लावायचाच नाही.

प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, फिकट राखाडी किंवा बदामी घ्या. काळ्यावर पांढरा बसवायला पाच-सहा हात लागतात आणि तेवढ्यात घड्या बुजतात. तुमच्या घड्या बहुधा याच कारणाने गेल्या. पहिला थर असा मिसळा : पांढरा ६ भाग, यलो ऑकर १ भाग, रॉ अंबर टोकाएवढा. दुधाइतका पातळ करा आणि दोन हात द्या. टायटॅनियम व्हाइटमध्ये रंगद्रव्य दाट असतं. ब्रशवर जास्त घेतला आणि अर्धवट वाळलेल्या जागेवरून पुन्हा फिरवला की तो दाणेदार होतो, तुम्ही म्हणता तसा खडू. आधीचा हात पूर्ण वाळल्याशिवाय ब्रश लावू नका. ब्रश धुवायचं पाणीही पांढऱ्यासाठी वेगळं ठेवा.

सावलीसाठी सबंध अंगावर वॉश ओतू नका. ओतलेला वॉश सपाट जागी साचतो, कडेकडेने वाळतो आणि तिथेच रेघ राहते. रॉ अंबर १ भाग, पाणी ६ भाग, भांडी घासायच्या लिक्विडचं एक थेंबुटं घाला आणि बारीक ब्रशने फक्त घड्यांच्या तळाशी सोडा : काखेत, कमरेच्या गाठीखाली, गुडघ्यामागे, चोळण्याच्या पायघोळाशी. जास्त झालं तर ओलं असतानाच कोरड्या ब्रशने टिपून घ्या.

मग पहिल्याच मिश्रणात पांढरा वाढवून खांदे, गुडघे आणि बाह्यांच्या कडा उजळा. निव्वळ पांढरा अगदी शेवटी, दोन-तीन ठिकाणी, टाचणीच्या टोकाएवढा. गुडघ्याखाली मातीचा रंग हवा. तपकिरी पेस्टल खडू पॉलिशपेपरवर घासा, ती पूड कोरड्या ब्रशने चोळण्यावर आणि वहाणांवर थापा. वार्निशनंतर पूड थोडी फिकी पडते, तेव्हा हात जरा सढळ ठेवा.

सगळेच पांढरे करू नका. नायक मंडळी चारो पोशाखात असत : आखूड जाकीट, घट्ट काळी विजार, बाजूने चांदीची बटणं. झापाता स्वतः असाच दिसतो. वीस जणांत असे दोन पुरेत. हॅटवर आणि झेंड्यावर ग्वादालुपेच्या मातेची प्रतिमा असे. ती हाताने रंगवण्यापेक्षा साध्या कागदावर १५ मिमी उंचीत छापून घ्या, मागून फेविकॉलचं पाणी लावा आणि ओलं असतानाच झेंड्याला घड्या पाडा.

प्रश्न (मानेवाडा) : मे महिन्यात स्प्रे प्रायमर मारला तर सैनिकांवर वाळूसारखा खरखरीत थर बसला. जुलैमध्ये मॅट वार्निश मारलं तर सगळे पांढुरके झाले. डबा बदलू का?

डबा बदलून फरक पडणार नाही. दोन्ही दोष हवेचे आहेत, आणि एकमेकांच्या अगदी उलट.

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. स्प्रेचा थेंब सैनिकापर्यंत पोचेस्तोवर अर्धा वाळलेला असतो. तो पसरत नाही, दाण्यासारखा चिकटतो. पहाटे सहा-सातच्या सुमारास सावलीत मारा. नेहमीपेक्षा जवळून, १५ ते २० सेंटिमीटरवरून, हात चालता ठेवून, छोट्या-छोट्या फवाऱ्यांनी. डबा गच्चीवर किंवा गाडीत ठेवू नका, ५० अंशांपलीकडे तो फुटू शकतो. कूलर चालू असलेल्या खोलीतही स्प्रे नको. कूलरची हवा ओली असते आणि गवताच्या ताट्यांचे तंतू ओल्या रंगावर येऊन बसतात.

पावसाळ्यात हवेतली ओल वार्निशच्या थरात अडकते, म्हणून धुकं चढतं. सैनिक वाया गेलेले नाहीत. ब्रशने ग्लॉस वार्निशचा एक पातळ हात द्या, बहुतेक वेळा पांढुरकेपणा निघून जातो. मॅट हात कोरडा दिवस बघून द्या. जून ते सप्टेंबर स्प्रे वार्निशला हातच न लावता ब्रशने लावायचं पाण्यावरचं मॅट वार्निश वापरा, ही आमची ठाम शिफारस. स्प्रेचं सगळं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकून घ्यावं. तेव्हाही सकाळचा गारठा जाऊ द्या आणि अकरानंतर मारा.

उन्हाळ्यात दुसरी अडचण म्हणजे पॅलेटवरचा अॅक्रिलिक रंग ब्रश धुवेपर्यंत सुकतो. जेवणाच्या चपट्या डब्यात टिश्यूपेपरच्या चार घड्या ओल्या करून ठेवा, वर बटरपेपर अंथरा आणि रंग त्यावर काढा. झाकण लावलं तर मिसळलेला रंग दुसऱ्या दिवशीही चालतो. रंगवताना डोक्यावरचा पंखा बंद, अंगावर टेबलफॅन मागच्या बाजूने.

प्रश्न (सदर) : काउबॉय आणि अमेरिकन सैनिकांच्या जुन्या फिगर पडून आहेत. त्यांचे बंडखोर करता येतील का?

येतील, आणि उत्तर मेक्सिकोसाठी तर फारसं काही बदलावंही लागणार नाही. चिवावाकडचे व्हिलाचे कितीतरी लोक साध्या फेल्ट हॅट आणि कोटातच फिरत. काउबॉयच्या छातीवर काडतुसांचा पट्टा चढवला की निम्मं काम होतं. मोठी गवती सोम्ब्रेरो हॅट मात्र करावी लागते.

खऱ्या सोम्ब्रेरोच्या किनारीचा एकूण व्यास साधारण अर्धा मीटर. २८ मिमी म्हणजे अंदाजे १:५६, तेव्हा किनार ९ ते १० मिमीची. कागदाला भोकं पाडायचं ऑफिसचं मशीन ६ मिमीचंच भोक पाडतं, ते उपयोगाचं नाही. चामड्याला भोकं पाडायचा १० मिमीचा पंच घ्या आणि जाड व्हिजिटिंग कार्डातून चकत्या काढा. मूळ हॅट कानाच्या वरपासून तासून सपाट करा. चकती मऊ रबरावर ठेवून ब्रशच्या गोल मागच्या टोकाने दाबली की कडा वर वळतात. वळल्यावर फेविक्विकचा एक थेंब मुरू द्या, कागद प्लास्टिकसारखा कडक होतो. चकती डोक्यावर चिकटवा आणि वर पुट्टीच्या ३ मिमीच्या गोळीतून ४ मिमी उंचीचा शंकू ओढा. पुढून बोटाने किंचित दाब द्या. पुट्टी ओली असतानाच सुईने गोल-गोल रेघा ओढा, त्यात गवताची वीण दिसते.

पट्ट्यासाठी दोन भागांची मॉडेलिंग पुट्टी टाल्कम पावडरवर अर्धा मिमी जाड लाटा. लगेच कापायला जाऊ नका, ती ताणली जाऊन लांबते. वीस-पंचवीस मिनिटांनी दीड मिमीच्या पट्ट्या काढा, ब्लेडने एक-एक मिमीवर खुणा दाबा आणि दोन्ही खांद्यांवरून फुलीसारख्या घाला. एम-सील हॅटच्या टोपणाला चालतं, इतक्या बारीक कामाला भरड पडतं. पट्टा रंगवताना चामडं बर्न्ट सिएना, आणि पितळी रंग काडतुसाच्या अर्ध्याच भागावर.

प्रश्न (जरीपटका) : बंदुकीत मौजर आणि विंचेस्टर हा फरक या आकारात दिसतो का?

दिसतो. सरकारी फौजेची ७ मिमी मौजर रायफल जवळजवळ सव्वा मीटर लांब, म्हणजे २८ मिमीत सुमारे २२ मिमी, आणि लाकूड नळीच्या पुढेपर्यंत गेलेलं. बंडखोरांची आवडती .३०-३० विंचेस्टर कार्बाईन १७ मिमीच्या आसपास, आणि ट्रिगरखाली लिव्हरची गोल कडी. पकडलेल्या मौजर बंडखोरांकडे भरपूर होत्या. सरकारी पायदळाच्या हातात मात्र विंचेस्टर देऊ नका.

प्रश्न (वर्धमाननगर) : व्हिलाच्या घोडदळासाठी तीस घोडे आहेत. सगळे एकसारखे तपकिरी दिसतात आणि पाय घोट्यात मोडतात.

मोडण्याचं आधी. धातूच्या घोड्याचं सगळं वजन दोन-तीन बारीक पायांवर असतं, आणि स्वार फक्त फेविक्विकने चिकटवला तर तो उपटताना आपण घोड्यालाच पिळतो. खोगिरात आणि स्वाराच्या बुडात ०.८ मिमीचं भोक पाडा, कागदाच्या क्लिपची तार घाला आणि एपॉक्सीने जोडा. पायाखालची पट्टी बेसवर पुट्टीत पुरून टाका. मोडलेल्या घोट्यातही तीच तार चालते, पण भोक हातड्रिलनेच पाडा. विजेच्या ड्रिलला तो पाय टिकत नाही.

रंगासाठी तीस घोड्यांचे गट करा : बारा कुमैत (काळ्या आयाळीचे तपकिरी), आठ तांबूस, चार मुश्की (काळे), तीन राखाडी, दोन अबलख (पांढऱ्या ठिगळांचे) आणि एखादा पिवळट. अंगावर आधी अॅक्रिलिकचा उजळ थर द्या, कुमैताला नारिंगी-तपकिरी आणि राखाडीला जवळजवळ पांढरा. पूर्ण वाळला की त्यावर तेलरंग, कुमैताला बर्न्ट अंबर, सगळीकडे पातळ चोपडा. दहा-पंधरा मिनिटांनी स्पंजच्या तुकड्याने पुसून घ्या. खोलगट जागी रंग राहतो, स्नायूंवरून निघतो, आणि असा मऊ उतार साध्या वॉशने येत नाही. उन्हाळ्यात तीन-चार दिवस आणि पावसाळ्यात त्याहून बरेच जास्त वाळू द्या, मगच वार्निश. कुमैताची आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे. पायांचे पांढरे मोजे सगळ्यांना नको, चौथ्या-पाचव्या घोड्याला एक-दोन पायांवर द्या. पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं) तर तीसांत एखादाच शोभतो.

प्रश्न (अजनी) : आगगाडीशिवाय ही क्रांती अपुरी वाटते. २८ मिमीला कुठला ट्रॅक घ्यावा? डबे घरी करता येतील का?

तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. नोव्हेंबर १९१३ मध्ये व्हिलाने कोळशाची गाडी पकडली, डब्यांत माणसं भरली, वाटेतल्या स्टेशनांवरून शत्रूच्या नावाने तारा पाठवल्या आणि स्युदाद ह्वारेसच्या आत जाऊन उतरला. त्याआधी मार्च १९१२ मध्ये रेयानोला ओरोस्कोच्या लोकांनी डायनामाइट भरलेलं इंजिन सरकारी गाडीवर सोडलं होतं. त्या पराभवानंतर सरकारी सेनापती गोन्सालेस सालास याने स्वतःला गोळी घालून घेतली. दोन्ही प्रसंग टेबलावर मांडण्यासारखे आहेत.

मेक्सिकोच्या मुख्य मार्गांचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,४३५ मिमी. १:५६ ला तो २५.६ मिमी येतो. मॉडेल आगगाड्यांचा तयार ओ गेज ट्रॅक ३२ मिमीचा, तो सैनिकांशेजारी फारच रुंद दिसतो. एस गेज २२.५ मिमीचा, चालून जातो पण सहज मिळत नाही. १:७२ च्या प्लास्टिक सैनिकांना एचओ मापाचा १६.५ मिमीचा ट्रॅक घ्या, तो थोडा अरुंद पडतो पण चालून जातो. २८ मिमीला आमचा सल्ला असा की गाडी चालवायची नाही, हाताने सरकवायची. मग ट्रॅक घरीच बनवा. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना मॉडेलचं सामान मिळतं तिथून २ मिमीची चौकोनी एबीएस पट्टी घ्या, तीच रूळ. स्लीपर आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून, ४३ मिमी लांब आणि ४ मिमी रुंद, मधलं अंतर १० मिमी. दोन रुळांमध्ये आतून २६ मिमीचा लाकडी ठोकळा फिरवत चिकटवलं की अंतर कुठेही चुकत नाही.

खरा ३६ फुटी मालडबा या मापात १९६ मिमी लांब होतो. चार डब्यांनी तुमचं टेबल भरून जाईल, म्हणून १५० मिमीवर थांबा. रुंदी ४९ आणि भिंतीची उंची ४४ मिमी ठेवा, ती मात्र कमी करू नका, माणसाशी तुलना तिथेच होते. सांगाडा ३ मिमी सनबोर्डचा (मॉडेल करायचा हलका फोमचा बोर्ड), बाहेरून काड्यांची फळ्यांसारखी पट्टी. छत सपाट आणि मजबूत हवं. घोडे डब्यात आणि माणसं, बायका, पोरं, चुली छतावर, असा या सैन्यांचा प्रवास असे. छतावर पाच-सहा सैनिक उभे राहिलेच पाहिजेत.

गंज, तेलाचे ओघळ, रिव्हेट आणि हातब्रेकचं चाक कसं दिसतं ते बघायला मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जाऊन या. तिथून रंग आणि बारकावे उचला, प्रमाण उचलू नका. नॅरोगेजचं सगळंच आटोपशीर असतं.

प्रश्न (काटोल रोड) : लढणाऱ्या बायकांच्या फिगर किती ठेवाव्या?

छावणीच्या आणि गाडीच्या दृश्यात हव्या तितक्या. सोल्दादेरा, म्हणजे सैन्याबरोबर फिरणाऱ्या बायका, अन्न शोधत, रांधत, जखमी सांभाळत, आणि वेळ आली की बंदूक उचलत. लढणाऱ्या तुकडीत वीसांत एक-दोन ठेवा. पेत्रा हेर्रेरा आधी पुरुषवेशात पेद्रो म्हणून लढली, तेव्हा हॅट आणि पट्टा घातलेली, सरदार म्हणून रंगवलेली एखादी फिगर जरूर असू द्या. रेबोझो, म्हणजे त्यांची लांब ओढणी, टिश्यूपेपर फेविकॉलच्या पाण्यात भिजवून खांद्यावर घालता येते.

प्रश्न (हिंगणा रोड) : घरं आणि झाडं कशी करावी? सगळीकडे उंच हातांचे निवडुंग लावलेत, ते बरोबर आहेत ना?

ते सग्वारो निवडुंग सोनोराच्या वाळवंटातले. ओब्रेगॉनच्या सुरुवातीच्या मोहिमेला ठीक, पण चिवावात ते नाहीत, मोरेलोसमध्ये नाहीत आणि सेलायाच्या शेतमळ्यांत तर नाहीतच. काढून टाका. त्यांच्या जागी जे लावायचं ते तुमच्या रस्त्याच्या कडेलाच उभं आहे. आपली वेडी बाभूळ तिकडच्या मेस्कीट या काटेरी झाडाच्याच कुळातली आणि मूळची तिकडचीच. तिच्या वाळक्या बारीक फांद्या फेविकॉलच्या पाण्यात बुडवून वाळवल्या की चिवावाची झुडपं तयार. बांधावरची घायपात म्हणजे तिकडचं ‘मागेय’ (अगेव्ह). झाडाची ठेवण प्रत्यक्ष बघा आणि कागदाची १२ ते १८ मिमीची टोकदार पानं मधोमध दुमडून कापा. एका झाडाला दहा-बारा, बाहेरची लांब, आतली आखूड, पुट्टीच्या गोळीत खोचा. रंग हिरव्यापेक्षा निळसर राखाडीकडे, कडा पिवळट. मध्य मेक्सिकोच्या पठारावर हे ओळीने लावलेलं असतं, विखुरलेलं नको.

घरांबाबत बहुतेकांची भिंत पातळ होते. कच्च्या विटांची भिंत निदान ४५ सेंटिमीटर, म्हणजे टेबलावर ८ मिमी. ५ मिमी सनबोर्डचे दोन थर चिकटवा, वरची गुळगुळीत बाजू ८० नंबरच्या पॉलिशपेपरने खरवडा. वॉलपुट्टी ४ भाग, फेविकॉल १ भाग आणि चाळलेली कन्हानची वाळू मूठभर, असं लेपण दीड मिमीच्या आत ठेवा. जाड लावलं की भेगा पडून पापुद्रे निघतात. थर्माकोल वापरलाच तर त्यावर स्प्रे मारू नका, तो विरघळतो. छप्पर सपाट, भोवती १० मिमीचा कठडा, आणि भिंतीतून बाहेर आलेली वाशांची टोकं. बांबूची ३ मिमीची सीक त्यासाठी चांगली. दार बेससकट सैनिक आत जाईल असं, ४० मिमी. भिंतीचा रंग आणि टेबलावरच्या मातीचा रंग एकाच वाटीतून काढा. घर त्याच मातीचं असतं.

प्रश्न (नंदनवन) : धातूच्या फिगर महाग पडतात. इथेच थ्रीडी प्रिंट करून घेतल्या तर?

रेझिन प्रिंट चांगली येते, दोन अटी पाळा. फाइल रीतसर विकत घ्या आणि दुसऱ्याकडून प्रिंट करून घ्यायला तिचा परवाना मुभा देतो का ते आधी वाचा. पुष्कळ परवाने फक्त स्वतःच्या मशीनपुरते असतात. दुसरं, ०.०५ मिमीचा थर पुरतो, चेहऱ्यांसाठी ०.०३ घ्या. जानेवारीत खोली २० अंशांखाली गेली की रेझिन घट्ट होतं आणि प्रिंट प्लेटवरून सुटते. बाटली आधी कोमट करून घ्यायला सांगा. रेझिनची बंदूक टिचते, तेव्हा फाइलमध्येच नळी १ मिमीपर्यंत जाड करून घ्या किंवा नळीच्या जागी गिटारची जाड तार बसवा. वाकलेली असेल तर गरम पाण्यात बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा.

प्रश्न (गांधीबाग) : कपाटातल्या जुन्या शिशाच्या सैनिकांवर पांढरी पूड येतेय. बुरशी आहे का?

बुरशी नाही, शिसं खराब होतंय. नवं लाकूड, प्लाय आणि एमडीएफमधून आम्लाची वाफ सुटते. पावसाळ्याची ओल आणि बंद कपाट मिळालं की शिशाचं पांढऱ्या क्षारात रूपांतर होत जातं. उघडा धातू आधी धरतो, म्हणून बेसच्या खालच्या बाजूलाही प्रायमर आणि वार्निश लावलेलं असावं. सैनिक लाकडी कपाटातून काढून प्लास्टिकच्या हवेशीर डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्या बदलत राहा. पूड आलेले सैनिक आजच बाकीच्यांपासून वेगळे करा. कोरडा ब्रश फिरवून ती उडवू नका, विषारी असते. हातमोजे आणि मास्क घालून ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या आणि हात साबणाने धुवा.